धुराड्यातील लेझरला काय दिसते आणि काय नाही

"धुराड्यावर लेझर यंत्र बसवले की धुरातला प्रत्येक विषारी घटक क्षणोक्षणी अचूक कळतो, त्यामुळे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासण्याची गरज उरत नाही," असा दावा सध्या सर्वत्र फिरत आहे. या तंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच त्याच्या नावावर खपवले जाणारे हे विधान खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

'प्रत्येक घटक' हे शब्द मुळातच चुकीचे आहेत. अशा यंत्रातल्या डायोड लेझरचा (छोट्या अर्धवाहक लेझरचा) प्रकाश अतिशय अरुंद पट्ट्यातला असतो आणि तो एखाद्या वायूच्या नेमक्या शोषणरेषेवर, म्हणजे तो वायू प्रकाशाची जी ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो तिच्यावर, आणून ठेवावा लागतो; किती प्रकाश शोषला गेला यावरून वायूचे प्रमाण कळते. ऑक्सिजनसाठी ती सुमारे ७६० नॅनोमीटरवर असते, तर मिथेनसाठी सुमारे १६५० नॅनोमीटरवर. इतर वायूंचा अडथळा फारसा होत नाही तो याच अरुंदपणामुळे, पण त्याच कारणाने एक लेझर सहसा एक-दोन वायूच ओळखतो. डायॉक्सिनसारखी विषे तर इतक्या अल्प प्रमाणात असतात की तासन्‌तास धूर ओढून घेऊन ती गोळा करावी लागतात आणि मग प्रयोगशाळेतच मोजावी लागतात.

'अचूक' या शब्दालाही अटी आहेत. शोषणाचे प्रमाण तापमान, दाब आणि किरणाच्या मार्गाची लांबी यांवर अवलंबून असते, शिवाय धूळ फार दाट झाली तर किरण पलीकडे पोहोचतच नाही. ईएन १४१८१ या युरोपीय मानकानुसार अशा यंत्राचे कॅलिब्रेशन करताना, म्हणजे त्याचा आकडा खऱ्या मोजमापाशी जुळवून घेताना, किमान ३ दिवसांत किमान १५ समांतर मोजमापे स्वतंत्र संदर्भ पद्धतीने, म्हणजे धुराचे नमुने घेऊन, करावी लागतात. म्हणजे ज्या नमुन्यांची गरज नाही असे सांगितले जाते, त्यांच्याच आधारावर लेझरचा आकडा उभा असतो.

सर्वांत गंभीर चूक मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे पडद्यावरच्या आकड्यालाच उत्सर्जन समजणे. समजा, एका वायूचे प्रमाण घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम दिसते आणि धुरात ऑक्सिजन १६ टक्के आहे. उत्सर्जनाची मर्यादा जर ११ टक्के ऑक्सिजन गृहीत धरून ठरवलेली असेल, तर, साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असल्याने, तुलनेचा खरा आकडा (२१ − ११) भागिले (२१ − १६), म्हणजे दुप्पट, २०० मिलिग्रॅम येतो. बाहेरची हवा मिसळून धूर पातळ केला की लेझर प्रामाणिकपणे कमी प्रमाण दाखवतो, पण आसपासच्या लोकांच्या श्वासात जाणारे विष तसूभरही घटत नाही. ताशी किती किलो प्रदूषक बाहेर पडले हे सांगायचे असेल तर वायुप्रवाहाचा वेग आणि धुराड्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळही हवे, आणि शोषणरेषेवर किती प्रकाश शोषला गेला एवढ्यावरून यांपैकी काहीच मिळत नाही.