भुताचा बायोडेटा

सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे नाव घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. 'तो' म्हटलं की पुरे. भांडण शेवटच्या वीस मिनिटांवरून होतं. दिगू नेहमीसारखा कट्ट्याच्या टोकाला पाय हलवत बसला होता. बाब्या उभा होता, कारण बसून त्याला मुद्दा मांडता येत नाही. प्राध्यापक यायचे होते. प्राध्यापक म्हणजे आमचा निखिल. चित्रपट रसास्वादाचा तीन महिन्यांचा कोर्स करून आल्यापासून त्याला घरचे सोडून कुणी निखिल म्हणत नाही.

"पहिला तासभर मी पाय खुर्चीवर घेऊन बसले होते," अंजू म्हणाली. "थिएटरात खुर्चीखाली कोण येणार? तरी. आणि मग ती बया कपाट उघडते आणि वही काढते!"

"वही निघायलाच पाहिजे," बाब्या म्हणाला. "वहीशिवाय पिक्चर संपणार कसा?"

"वहीत सगळं आहे. भूत कोण, कुणाची लेक, कुणी मारलं, कुठल्या विहिरीत टाकलं. अरे, भूत आहे का लग्नाचं स्थळ? मला त्याचा बायोडेटा कशाला?"

इथेच प्राध्यापक उगवले. काय चाललंय ते न विचारताच सुरू झाले.

"मुळात ते भूत नाहीच."

"झालं," बाब्याने कपाळावर हात मारला.

"तो आघात आहे. ट्रॉमा. घर म्हणजे तिचं मन, तळघर म्हणजे अबोध मन..."

"आणि गच्चीवरची टाकी?" अंजूने अगदी साळसूदपणे विचारलं.

प्राध्यापकांनी तीन सेकंद डोळे मिटले. "दडपलेलं मातृत्व."

पुढची दोन मिनिटं कुणाला काही बोलता आलं नाही. दिगूसुद्धा हसला, आणि दिगू हसला की समजायचं, विषय गंभीर आहे.

"रूपक असेल रे, मी कुठे नाही म्हणते?" अंजू डोळे पुसत म्हणाली. "पण आधी त्याला भूत तर होऊ दे, मग त्याचं रूपक कर. रूपकाला घाबरून रात्री पाणी प्यायला उठायचं टाळलंय असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही."

(मी अंजूच्या बाजूचा आहे हे आत्ताच सांगून टाकतो. प्राध्यापकांना आक्षेप असेल तर त्यांनी आपली हकिगत वेगळी लिहावी. तळटिपांसकट लिहितील.)

बाब्याचं म्हणणं सरळ होतं. घाबरायला पैसे दिलेत, तर दचकवा. धाडकन काहीतरी समोर आलं पाहिजे. तो रामसे बंधूंवर वाढलेला माणूस. 'पुराना मंदिर' किती वेळा पाहिला हे तो दर वर्षी वाढवून सांगतो. सात भावांनी खाती वाटून घेऊन घरच्या घरी सिनेमे काढले, याचा त्याला स्वतःच्या घराण्याचा असावा तसा अभिमान आहे. त्याच्या मते धूर, निळा उजेड आणि करकरणारं दार यापुढे जगात काही नवीन निघालेलं नाही.

"दचकणं आणि घाबरणं यात फरक आहे," अंजू म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. १९४२ चा 'कॅट पीपल' आठव. बाई रात्रीची एकटी रस्त्याने चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. मग तो आवाजही थांबतो. ती बावरून भराभर चालायला लागते. आणि एकदम फिस्स करून शेजारी काय येऊन थांबतं? बस!"

"बस?"

"बस. एवढंच."

"म्हणजे काय झालं, बस आली की बस झालं?"

"दोन्ही! तू ज्याला दचकवणं म्हणतोस त्याचा आजा आहे तो प्रसंग. पण त्यात दचकवलंय साध्या बसने. मागे जे कोणी येत होतं ते दाखवलेलंच नाही. तू दचकलास, 'बसच होती' म्हणून हसलास, आणि मग लक्षात आलं की मघाची ती पावलं कुठे गेली हे कुणी सांगितलंच नाही. आता नुसता फिस्स ठेवलाय, पावलं काढून टाकली."

त्याच दिग्दर्शकाच्या, जाक तूर्नरच्या, १९५७ च्या सिनेमात निर्मात्याने हट्टाने राक्षस घुसवला, तोही सुरुवातीलाच, ही गोष्ट मी मध्येच सांगितली. कुणी लक्ष दिलं नाही. माझ्या माहितीला कट्ट्यावर साधारण एवढीच किंमत आहे.

प्राध्यापक आता लोकपरंपरेवर आले होते. व्हॅम्पायर उन्हात जळतो ही कशी प्राचीन, सामूहिक, सूर्यपूजक वगैरे कल्पना आहे, हे त्यांनी हात हलवून सांगितलं.

"'ड्रॅक्युला' वाचलंयस?" दिगूने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अर्थात."

"त्यात तो लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो. दिवसा शक्ती कमी होते, एवढंच. उन्हाने मरायची भानगड 'नोस्फेराटू'ने आणली, १९२२ मध्ये. पुस्तकानंतर पंचवीस वर्षांनी. आणि हक्क न घेता केलेला सिनेमा तो. 'ड्रॅक्युला'चा लेखक स्टोकर, त्याच्या बायकोने कोर्टात खेचलं, सगळ्या प्रती नष्ट करा असा हुकूम झाला. तरी उरलाच."

"म्हणजे व्हॅम्पायर मेला, पिक्चर काही मेला नाही," बाब्या म्हणाला. प्राध्यापकांनी फोनमध्ये काहीतरी शोधायला घेतलं. सापडलं असावं, कारण नंतर बराच वेळ ते गप्प होते.

अंजूला आता चढ आला होता. तिचा आवडता दाखला शर्ली जॅक्सनच्या हिल हाउसवरच्या कादंबरीचा. अंधाऱ्या खोलीत दोघी झोपलेल्या, बाहेरून आवाज येतायत, ही शेजारणीचा हात घट्ट धरून पडली आहे. दिवा लागतो तर शेजारीण खोलीच्या दुसऱ्या बाजूला. अंजू एवढंच सांगते आणि थांबते. तिने हा प्रसंग आम्हाला किमान सहा वेळा सांगितलाय. सहाही वेळा मी माझा हात खिशात घातलाय.

"त्यावरच्या १९६३ च्या सिनेमात भूत दिसत नाही. दार फुगतं. लाकडी दार, आतून कुणीतरी श्वास घ्यावा तसं. बस. आणि १९९९ ला तोच सिनेमा परत केला, तर काय केलं? घराच्या मालकाला पाप दिलं, पापाला पुरावे दिले. मेलेली मुलं, हलणारे पुतळे, सगळं दाखवलं. फक्त भीती दाखवायची राहिली."

"मग 'तुंबाड'चं काय?" बाब्या अचानक म्हणाला. आम्ही त्याच्याकडे बघतच राहिलो, कारण मुद्दा चांगला होता. "तिथे तर पहिल्या दहा मिनिटांत सगळी वंशावळ सांगून टाकलीय. हस्तर कोण, त्याला काय हवं, शाप काय. तरी टरकली ना?"

अंजू थांबली. हे फार कमी वेळा होतं.

"टरकली," ती म्हणाली. "कारण हस्तरला काय हवं ते कळलं होतं, पण विनायक कुठवर जाणार ते कळलं नव्हतं. कणकेची बाहुली घेऊन खाली उतरणारा माणूस जास्त भीतिदायक आहे. आणि ती आजी. ती कुठे समजावून सांगते काही?"

"आजी नारायण धारपांच्या कथेतली," दिगू पुटपुटला.

धारपांचं नाव निघालं की अर्धा तास गेला. त्यांच्या कथांत भुतांपासून सोडवणारे समर्थ आले की आपण निवांत होतो, म्हणजे भीती गेलीच की, असं अंजूचं म्हणणं. समर्थ येणार म्हणून तर आधीची दीडशे पानं वाचायचं धाडस होतं, असं दिगूचं. मतकरींकडे सोडवायला कुणी येत नाही म्हणून ते रात्री वाचायचे नाहीत, असं बाब्याचं. यावर कधीच निकाल लागलेला नाही आणि लागूही नये.

"पण रहस्य उलगडलं की थरार संपतो हा तुझा नियमच मला मान्य नाही," प्राध्यापक फोनमधून वर आले. "जपानी 'रिंगू' घे. त्यात भुताची सगळी कथा उलगडते. विहीर सापडते, सांगाडा सापडतो..."

"आणि?"

"आणि तरीही शाप..." प्राध्यापक थांबले.

"तरीही शाप उतरत नाही!" अंजूने टाळीच वाजवली. "हेच तर! त्यांनाही तुझ्यासारखं वाटतं, की बिचारीची हकिगत कळली, हाडं बाहेर काढली, आता ती शांत होईल. आणि दुसऱ्याच दिवशी टीव्ही चालू होतो. तिला समजून घेणारा माणूस नकोच होता. निखिल, तुझ्यासारख्यांना मारायलाच केलाय तो सिनेमा."

"त्या सीनला बाब्याला फोन आला होता, आठवतंय?" मी म्हटलं.

"अर्जंट होता," बाब्या घाईने म्हणाला.

"तुझा फोन माझ्या खिशात होता."

"लँडलाइन होता."

"थिएटरात?"

बाब्याने विषय 'शायनिंग'वर नेला. स्टीफन किंगला स्वतःच्या कादंबरीवरचा कुब्रिकचा सिनेमा का आवडला नाही, यावर त्याचं जोरदार मत आहे. त्याने पुस्तक वाचलेलं नाही हा भाग वेगळा. दिगूने मात्र एक नेमकी गोष्ट सांगितली. पुस्तकात झुडपं कापून केलेले प्राणी आहेत, आपण पाठ फिरवली की जवळ येणारे. हलताना कुणाला दिसत नाहीत. १९९७ ला किंगने स्वतः पटकथा लिहून मालिका केली, त्यात ते चालताना दाखवले. "आणि हिरवी कुत्री दिसली," दिगू म्हणाला. खुद्द लेखकालाही आपलं भूत झाकून ठेवता आलं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. संध्याकाळभरातलं एकुलतं एक.

"म्हणूनच म्हणते," अंजू म्हणाली, "आपल्याकडची सगळ्यात धीट भयकादंबरी म्हणजे ती, बिनमुखपृष्ठाची. लेखक कोण कुणास ठाऊक. पण काय शेवट आहे! ती बाई जिन्यावर उभी, वरच्या खोलीचं दार आतून कुणीतरी उघडतंय, कडी वाजते, आणि कादंबरी संपते. खलास. पुढे एक अक्षर नाही. कुठल्याही परदेशी लेखकाची एवढी छाती झाली नसती."

"माझं पुस्तक आहे ते," दिगू म्हणाला.

"माहितेय रे."

"सतरा वर्षं झाली."

"दर वेळी तेच काय काढतोस? देईन."

"नाही, म्हणजे..." दिगूने पाय हलवायचे थांबवले. "तू नेलंस तेव्हा त्याची शिवण उसवली होती. शेवटचा फॉर्म सुटा झालेला. सोळा पानं. ती माझ्याकडेच राहिली. म्हटलं, परत आणेल तेव्हा शिवून घेऊ."

कुणी काही बोललं नाही.

"सतरा वर्षं तू हे सांगितलं नाहीस?" अंजू हळूच म्हणाली.

"पुस्तक आणून दिलं असतंस तर लगेच कळलं असतं."

"काय आहे त्या सोळा पानांत?"

दिगूने आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वही सापडते."

बाब्या अखेर खाली बसला, म्हणजे कोसळलाच. मला ठसका लागला. प्राध्यापक एवढेच म्हणू शकले की सुटलेला फॉर्म हेच खरं तर एक रूपक आहे, पण त्यांचं वाक्य पुरं होऊ शकलं नाही, कारण तेही हसत होते.

"ती पानं आणायची नाहीत," अंजू बोट रोखून म्हणाली. "फाडून टाक. जाळ."

"आणि पुस्तक?"

"ते तर आता अजिबात मिळणार नाही."