‘कॉम्प्युटरचे प्रोफेसरच चोरांना वाट दाखवतात’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या आमच्याकडे कापसाच्या भावाच्या ग्रुपवर, बचतगटाच्या ग्रुपवर, लग्नाची तयारी करायला काढलेल्या ग्रुपवरसुद्धा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिला व्हायरस एका कॉलेजच्या पोराने सोडला. मोठ्या विद्यापीठांत अजूनही व्हायरस बनवतात. तिथले लोक सॉफ्टवेअरमधली भोकं शोधून छापतात आणि चोर ती वाचतात. इतकं करून चोर ओळखणारं यंत्र काही त्यांना जमलेलं नाही. खेड्यातल्या माणसाला याचा छदामाचा फायदा नाही. म्हणून असल्या संशोधनावर बंदी घाला, आणि हा मेसेज पुढे पाठवा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर शिकवतो. पऱ्हाटी विकून आलेला पैसा मोबाईलमधून गेला, अशा घरचे विद्यार्थी माझ्या वर्गात आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनी हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, तुमी बी हेच शिकवता काय?’ त्यांचा राग खरा आहे, म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं.

‘पहिला व्हायरस कॉलेजच्या पोराने सोडला’

पोराची गोष्ट खरी आहे, ‘पहिला’ हे खोटं आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने एमआयटीच्या नेटवर्कवरून एक प्रोग्राम सोडला. तो आपोआप एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात होता. एकाच मशीनवर त्याच्या इतक्या प्रती साचल्या की मशीन बंद पडू लागली. सुमारे ६,००० कॉम्प्युटर अडकले, असा तेव्हाचा अंदाज होता. पण त्याच्या आधी, १९८६ मध्ये, लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून जगभर फिरला होता, आणि त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, एका १५ वर्षांच्या शाळकरी मुलाने ॲपलच्या कॉम्प्युटरसाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला होता.

मेसेजमध्ये जे गाळलंय ते जास्त महत्त्वाचं आहे. मॉरिसवर खटला चालला, तो दोषी ठरला. ३ वर्षं देखरेखीखाली राहणं, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा त्याला झाली. तो प्रोग्राम दोनचार दिवसांत उलगडून त्यावर उपाय दिला तो बर्कली, एमआयटी आणि पर्ड्यू या विद्यापीठांतल्या लोकांनी. त्याच प्रसंगातून कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ नावाचं, कॉम्प्युटरवरच्या हल्ल्यांसाठीचं पहिलं आणीबाणी केंद्र उभं राहिलं. आपल्या देशात २००४ पासून काम करणारी ‘सर्ट-इन’ ही त्याच वाटेवरची सरकारी संस्था.

संशोधक कधीच चुकत नाहीत, असं मी म्हणणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या काही संशोधकांनी लिनक्सच्या, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या, तपासनिसांची परीक्षा घ्यायची म्हणून, त्यांना न विचारता, मुद्दाम दोष ठेवलेल्या दुरुस्त्या पाठवल्या. एप्रिल २०२१ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला, लिनक्सच्या मंडळींनी त्या विद्यापीठाचं योगदान घेणं थांबवलं आणि संशोधकांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. माझ्या मते झालं ते योग्यच झालं. दुसऱ्याच्या मशीनवर, त्याला न सांगता केलेला प्रयोग हा प्रयोग नाहीच.

‘विद्यापीठात व्हायरस बनवतात’

बनवतात कधीकधी, आणि पकडून आणलेले तर हजारोंनी ठेवतात. बाहेरच्या जगाशी तोडलेल्या मशीनवर ते चालवून पाहतात: तो कुठली फाईल उघडतो, कुणाला निरोप पाठवतो, कशाच्या आड लपतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत बोंडअळी वाढवून तिच्यावर चाचण्या घेतात, म्हणून शेतातली बोंडअळी त्यांनीच आणली असं कोणी म्हणत नाही. फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात परवानगी घेऊन, पहारा ठेवून व्हायरसचे पहिले प्रयोग केले. त्यांनी जी गणिती गोष्ट सिद्ध केली, ती खाली चौथ्या मुद्द्यात लागेल.

‘भोकं छापतात, चोर वाचतात’

मेसेजमधला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

भोक संशोधक पाडत नाही. ते सॉफ्टवेअर लिहिताना राहिलेलं असतं, आणि तो पोचायच्या आधी दुसरं कोणी पोचलं असेल तर आपल्याला कळतही नाही. संशोधकाची रीत अशी असते की आधी कंपनीला गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला मुदत द्यायची, मग छापायचं. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटाची मुदत साधारण ९० दिवसांची असते. प्रोसेसरमधले, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपमधले, ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष शोधणाऱ्यांत ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्र विद्यापीठाचे लोक होते. कंपन्यांना जून २०१७ मध्ये कळलं, जगाला जानेवारी २०१८ मध्ये. मधले सहा-सात महिने दुरुस्त्या तयार करण्यात गेले.

आता उलटं उदाहरण बघा. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणारा प्रोग्राम पसरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेली ऑपरेशनं रद्द करावी लागली. तो ज्या भोकातून घुसला ते कुठल्या प्राध्यापकाने छापलेलं नव्हतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून ते चोरीला गेलं होतं, असं मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे सांगितलं. तिथे ते हत्यार म्हणून लपवून ठेवलं होतं आणि एप्रिलमध्ये एका टोळीने ते उघड्यावर टाकलं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्चला आली होती. म्हणजे हल्ला झाला तेव्हा औषध जवळपास दोन महिने हाताशी होतं, फक्त लाखो मशीनवर ते कोणी घातलं नव्हतं.

मेसेज लिहिणाऱ्याचा उपाय, म्हणजे भोक झाकून ठेवणं, इथे अगदी मनासारखा वापरला गेला होता. त्याने जे व्हायचं ते झालं.

छापल्यानंतर काही चोर ते वाचतात, हे खरं आहे. दुरुस्ती आली की ती उलगडून मूळ दोष कुठे होता ते शोधणाऱ्या टोळ्या आहेत. म्हणूनच दुरुस्ती आल्यापासून ती आपल्या फोनमध्ये उतरेपर्यंतचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. पण ते दिवस कमी करायचे तर छापणं बंद करून चालणार नाही, फोन वेळेवर अपडेट व्हायला हवा. न छापलेल्या दोषासाठी कंपनी घाई करत नाही. मुदत संपणार आणि जगाला कळणार या धाकानेच दुरुस्त्या वेळेत निघतात.

‘चोर ओळखणारं यंत्र अजून जमलं नाही’

जमलं नाही म्हणण्यापेक्षा, शंभर टक्के जमणार नाही हे संशोधकांनीच आधी सांगितलं. प्रत्येक व्हायरस ओळखेल आणि एकाही भल्या प्रोग्रामवर खोटा आळ घेणार नाही असा प्रोग्राम असूच शकत नाही, हे कोहेन यांनी सिद्ध करून दाखवलं. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये घुसखोरी ओळखण्याची पद्धत मांडली: नेहमीचं वागणं नोंदवून ठेवा, त्यापेक्षा वेगळं दिसलं की इशारा द्या. आजही बँकेकडून ‘हा व्यवहार तुम्हीच केला का’ असं विचारणारा मेसेज येतो, त्यामागे हाच विचार आहे.

अडचण पुढे येते. समजा एक लाख ॲप तपासायची आहेत, त्यांत १०० खोटी आहेत, आणि तपासणारं यंत्र शंभरात ९९ वेळा बरोबर आहे. ते ९९ खोटी ॲप पकडेल. पण उरलेल्या ९९,९०० चांगल्या ॲपपैकीही १ टक्क्यावर, म्हणजे ९९९ ॲपवर, खोटा आळ घेईल. इशारे होतील १,०९८ आणि त्यांत खरे ९९, म्हणजे अकरात एक. इतक्या खोट्या इशाऱ्यांनंतर माणूस खऱ्याकडेही बघत नाही. स्टीफन ॲक्सलसन यांनी १९९९ मध्ये हे गणित घुसखोरीच्या तपासाला लावून दाखवलं आणि तेव्हापासून खोटे इशारे कसे कमी करायचे यावर काम चालू आहे. आपल्या साधनाची मर्यादा स्वतः छापणारा माणूस मला फसवणारा वाटत नाही. ‘हे ॲप टाका, १०० टक्के सुरक्षा’ असं सांगणाऱ्यापासून मात्र दूर राहा.

‘खेड्यातल्या माणसाला काय फायदा?’

आमच्याकडे पैसे कसे जातात ते आधी पाहू. व्हॉट्सॲपवर फाईल येते: पीएम किसानची यादी, आरटीओचं चलान, नाहीतर लग्नपत्रिका. शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते खरं तर ॲप असतं. उघडली की फोन विचारतो, बाहेरचं ॲप टाकू का? हो म्हटलं की ते एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. पहिल्या परवानगीने ओटीपी चोराकडे जातो. दुसरी परवानगी ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही किंवा हातांनी फोन नीट चालवता येत नाही अशांसाठी केलेली आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं.

हे दुसरं दार किती धोक्याचं आहे, ते २०१७ मध्ये जॉर्जिया टेक आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘क्लोक अँड डॅगर’ नावाने दाखवून दिलं. ही परवानगी आणि इतर ॲपवर पडदा टाकायची परवानगी, दोन्ही एकत्र आल्या की फोन पूर्ण ताब्यात जातो. त्यांनी २० जणांवर प्रयोग केला, एकालाही संशय आला नाही. ते लोक स्मार्टफोन वापरणारेच होते. म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या बापाला कोणी ‘अडाणी, म्हणून फसला’ म्हणतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. हा फसवणुकीचा सापळा सहज कुणालाच दिसत नाही, हे छापील संशोधन आहे.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये बाहेरून फाईल उघडून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहज मिळणं बंद झालं. चोरांनी त्याला वळसा काढला, आणि तो वळसाही सुरक्षा संशोधकांनीच उघडकीला आणला. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या दोन संशोधकांनी अँड्रॉइडचे १,२६० घातक नमुने तपासले, तेव्हा त्यांतले ८६ टक्के नमुने चांगल्या ॲपमध्ये विष घालून पुन्हा बांधलेले निघाले. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या, असं आम्ही वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो त्याचा आधार हा आहे.

पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचंच जास्त नुकसान झालेलं मी पाहिलंय.

‘बंदी घाला’

परवानगीशिवाय, लबाडीच्या हेतूने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा आपल्याकडे आधीच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. चोर या कलमांना भीत नाही. भितो तो दोष सापडलेला प्रामाणिक पोरगा, कारण कळवायला गेलो तर आपल्यालाच आरोपी करतील असं त्याला वाटतं. अशा पोराने थेट सर्ट-इनला लिहावं. दोषांना जगभर चालणारा सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार त्या संस्थेला आहे. मेसेजमधली बंदी आली तर थांबेल तो हाच पोरगा.

बंदीऐवजी मागायचंच असेल तर दुसरं काही मागा. आमच्याकडे बाजारातून सात-आठ हजारांचा फोन घेतात आणि तो पाच वर्षं वापरतात. त्याला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत येणार, हे खोक्यावर नसतं आणि दुकानदारालाही सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. तीच अट आपल्याकडे लावा, तारीख मराठीत आणि ठळक छापा, असा मेसेज कोणी लिहिला तर तो माझ्या प्रत्येक ग्रुपवर मी स्वतः पाठवीन.