डांबर गोळ्या, मिरचीपूड आणि निळं पाणी: मांजर तरीही येणारच

‘मांजरांचा कायमचा बंदोबस्त, तोही घरच्या घरी’ असा एक संदेश बागेची हौस असणाऱ्यांच्या फोनवर फिरतोय. शेजारपाजारची मांजरं वाफे उकरतात, कुंडीत घाण करतात, कालच लावलेली रोपं आडवी करतात. त्यावर त्यात उपाय दिले आहेत. वाफ्यात डांबर गोळ्या ठेवा. मिरचीपूड भुरभुरा. कुंपणाकडेने फिनेल शिंपडा. संत्र्याच्या साली आणि कॉफीचा चोथा पसरा. निळ्या पाण्याच्या बाटल्या मांडा. एवढं करूनही ऐकलं नाही तर मांजर पोत्यात घालून लांब सोडून या. शेवटी एक धमकीही आहे: घरात गरोदर बाई असेल तर हे आजच करा, नाहीतर गर्भपात अटळ. आणि सगळ्यावर शिक्का, ‘पूर्णपणे नैसर्गिक, शंभर टक्के खात्रीशीर’.

तक्रार खोटी नाही. बी पेरलेल्या वाफ्यात सकाळी खड्डा दिसला की मांजरवेड्या माणसाच्याही तोंडून दोन शब्द निघतातच. पण हे उपाय ज्या समजुतीवर उभे आहेत, तीच मुळात कच्ची आहे. वास नकोसा केला की मांजर येणार नाही, अशी ती समजूत. मांजर येतं कशासाठी, हा प्रश्न संदेशाने विचारलेलाच नाही.

पाळीव मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज. कोरड्या, सुट्या मातीत उकरायचं, विधी उरकायचा आणि वरून माती ओढायची, ही त्याची जुनी सवय. आता आपण वाफा कसा तयार करतो ते आठवा. दगड वेचतो, ढेकळं फोडतो, माती भुसभुशीत करून सपाट करतो आणि बी उगवेपर्यंत ती उघडी ठेवतो. मांजराने मागून घेतली असती तरी याहून चांगली जागा मिळाली नसती. वास चार दिवसांत उडून जातो, जागा मात्र तशीच राहते.

डांबर गोळ्यांपासून सुरुवात करू, कारण यादीतला सगळ्यात घातक उपाय तोच. ‘नैसर्गिक’ म्हणून खपवलेली ही गोळी साधारणपणे नॅफ्थलीनची असते आणि नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून किंवा खनिज तेलापासून काढतात. बंद पेटीत ती काम करते, कारण तिची वाफ कपड्यांत कोंडून राहते. उघड्या बागेत ती वाऱ्यावर जाते. मांजर पळून जाईल इतकी दाट वाफ वाफ्यावर टिकवायची म्हटली, तर तिथे खुरपणी करणाऱ्यालाही नाक दाबून बसावं लागेल. गोळी पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. मांजर, कुत्रं आणि माणसाचं मूल, तिघांनाही हा धोका आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना तर विशेष. पांढरी, गोल, चकचकीत गोळी मातीत पडलेली दिसली की दोन वर्षांचं मूल तिचं काय करेल, हे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नॅफ्थलीनला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. ज्या मातीतली भाजी खायची, त्या मातीत हे का ठेवायचं?

मिरचीपूड निदान खरोखर नैसर्गिक आहे. तिच्यातल्या कॅप्सेसिनचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना जवळपास जाणवत नाही. म्हणूनच पक्ष्यांच्या दाण्यात मिरची मिसळून खारींना दूर ठेवायची युक्ती निघाली. दाणे खाताना खारीचं तोंड तिथल्या तिथे भाजतं. मांजर मात्र वाफ्यात खायला येत नाही. ते पूड पंज्यांवर घेऊन जातं आणि नंतर कुठेतरी भिंतीवर निवांत बसून अंग चाटू लागतं. मग जीभ भाजते, पंजा डोळ्यांवरून फिरला की डोळे पेटतात. ही शिक्षा कशाची आहे, हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही, कारण वाफा केव्हाच मागे पडलेला असतो. म्हणजे प्राण्याचे हाल झाले आणि धडा काही मिळाला नाही. शिवाय पुढच्या पाण्याच्या पाळीला पूड वाहून जाते, तेव्हा तुम्ही पुन्हा भुरभुरत बसा.

फिनेलच्या बाबतीत मांजराचं शरीर आपल्यापेक्षा वेगळं आहे. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, तिच्यातलं एक महत्त्वाचं जनुक मांजरांत बंद पडलेलं आहे. म्हणून आपल्याला जे फक्त उग्र वासाचं वाटतं, ते मांजराला विष ठरू शकतं. काही फिनेलमध्ये फिनॉलवर्गीय द्रव्यं असतात, काहींत पाइन तेल. मांजराला दोन्ही बाधतात. निलगिरी, लवंग, टी-ट्री या तेलांचे फवारे सुचवणाऱ्यांनीही हे वाचावं. आणि फिनेल हे मुळात जंतुनाशक आहे. शेणखत, गांडूळखत घालून ज्या जिवाणूंना आपण वर्षभर पोसतो, त्यांच्यावरच ते ओतायचं, हा उफराटा कारभार झाला.

साली आणि चोथा यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ताज्या सालींचा वास काही मांजरांना आवडत नाही हे खरं, पण त्या सुकल्या की संपलं. कॉफीच्या चोथ्यात कॅफिन उरलेलं असतं, ते मांजर-कुत्र्यांच्या पोटात जाणं वाईट. दोन्ही कंपोस्टात टाका.

बाटल्यांचा प्रकार जपानमध्येही बराच गाजला होता. तिथे पाण्याने भरलेल्या बाटल्या घरांबाहेर रांगेने मांडत, मांजरं जवळ येऊ नयेत म्हणून. मांजराला निळा रंग चांगला दिसतो, पण दिसणं म्हणजे भिणं नव्हे. पहिल्या रात्री ते नव्या वस्तूला बिचकून वळसा घालेलही. तीच वस्तू रोज तिथेच दिसली की तिला अंग घासून पुढे जाईल. गोल बाटली ऊनही एका जागी एकवटू शकते, तेव्हा ती वाळक्या पाल्यापाचोळ्याजवळ तरी ठेवू नका.

आता पोतं. क्रूरपणाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब जुळत नाही. मांजर आपला इलाखा ओळखतं आणि बऱ्याचदा परत येतं. नाही आलं, तर ते अनोळखी जागी, जिथे आधीच दुसऱ्या मांजरांचा ताबा आहे तिथे, उपाशी भटकतं. इकडे तुमच्या अंगणात उष्टं-खरकटं, उंदीर आणि मऊ माती जशीच्या तशी, त्यामुळे रिकाम्या जागेवर दुसरं मांजर येऊन बसतं. उचलून नेलेलं मांजर कदाचित कुणाचं तरी पाळलेलं असतं. मांजरी असेल तर तिची दूध पिणारी पिल्लं कुठल्यातरी अडगळीत मागे राहतात आणि मरतात. अनेक देशांत असं प्राणी टाकून देणं हा गुन्हाही आहे.

गरोदरपणाच्या धमकीत एक खरा आजार आहे आणि त्याभोवती भरपूर घबराट. टोक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात आपलं लैंगिक चक्र पूर्ण करतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. पण मांजर हा परजीवी साधारणपणे पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच सोडतं, जन्मभर नाही. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. बाहेर पडलेल्या परजीवीच्या कवचबंद पुटींना (ऊसिस्ट) संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मात्र त्यानंतर त्या ओलसर मातीत वर्षभराहूनही जास्त टिकू शकतात. म्हणजे आज मांजर हाकलल्याने आजची माती सुरक्षित होत नाही. धोका असतो तो मातीचे हात तोंडाशी जाण्यात, न धुतलेल्या भाजीत आणि कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मांसात. बाईला गरोदरपणी पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते, म्हणून तिने बागेतली मातीची कामं दुसऱ्याला द्यावीत, नाहीतर हातमोजे घालून करावीत, हात आणि भाजी नीट धुवावी आणि शंका असेल तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. ‘अटळ’ हा शब्द यात कुठेच बसत नाही.

उलट बाजूनेही एक ठोकून दिलेली गोष्ट ऐकू येते: येऊ द्या की, मांजराची घाण खतच आहे. तसं नाही. वरचा परजीवी आणि पोटातले जंत यांमुळे ती भाजीच्या वाफ्यात किंवा घरच्या कंपोस्टात जाता कामा नये. दिसली की खुरप्याने उचलून टाकायची.

मग करायचं काय? उघडी माती उघडी ठेवायची नाही. बी पेरल्यावर वाफ्यावर तारेची जाळी आडवी अंथरा आणि कडा दाबून टाका. रोपं भोकांतून वर येतात, पंजा मात्र उकरू शकत नाही. रोपं मोठी होईपर्यंत मधल्या जागेत बोथट काटक्या वीतभरापेक्षा कमी अंतरावर खोचल्या, तरी मांजराला बसायला जागा उरत नाही. कुंडीच्या मातीवर गोटे पसरा. आच्छादनाला बारीक भुसा नको, जाडसर सालीचे तुकडे घ्या. संध्याकाळी पाणी देऊन माती ओली ठेवली, तर ती मांजराला कोरड्या मातीइतकी आवडत नाही. आणि जमलं तर कोपऱ्यात कोरड्या वाळूचा एक चौकोन मोकळा सोडा. वाफ्यापेक्षा सोपी जागा मिळाली, तर बरीच मांजरं ती धरतात, फक्त ती वाळू तुम्हाला साफ करावी लागते.

हालचाल टिपून आपोआप पाणी उडवणारा फवारा चांगला चालतो, कारण दणका जागेवर बसतो. माणसाला न ऐकू येणारा तीव्र आवाज सोडणारी यंत्रंही मिळतात. आपले कान २० हजार हर्ट्झला थांबतात, मांजराचे ६० हजारांच्या पुढे जातात. अशा यंत्रांच्या चाचण्यांत मांजरांचं येणं कमी झालं, थांबलं नाही. एवढीच अपेक्षा ठेवून घ्यायचं तर घ्या.

भिंतीवर, दारावर मुतून खुणा करणाऱ्या बोक्याला यातलं काहीच लागू नाही. ते उकरणं नव्हे, हद्द आखणं आहे आणि त्याचं औषध नसबंदी. तिच्यानंतर बहुतेक बोके हे सोडतात, साधारण दहातला एखादा चालू ठेवतो. मांजरी चार महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते आणि जेमतेम दोन महिन्यांत विते, हेही त्या घराला सांगायला हवं जिथे मांजराला रोज दूध मिळतं. अमोनिया असलेल्या द्रावणाने ती खूण धुऊ नका, त्याला मुतासारखाच वास येतो. विकरयुक्त क्लीनर वापरा.

राहिला तो ‘आम्ही केलं आणि मांजर आलंच नाही’ हा दाखला. मांजराचं येणं-जाणं माजाचा काळ, पाऊस आणि दुसऱ्या मांजराचा वावर यांवर बदलत असतं, त्यामुळे काहीही न करता ते आठवडाभर गायब होऊ शकतं. खात्री करायची असेल तर उपाय अर्ध्याच वाफ्यावर करा. दोन्ही अर्ध्या भागांवर रोज संध्याकाळी माती हाताने सपाट करून ठेवा आणि दोन-तीन आठवडे सकाळी उठल्यावर पंज्यांचे ठसे मोजा. जाळी अंथरायचा अर्धा भाग कुठला, हे नाणं उडवून ठरवा, नाहीतर आपण नेमका तोच कोपरा निवडतो जिथे मांजर एरवीही फारसं जात नव्हतं.