उरलेला स्क्रू

कॉम्प्युटर तयार आणायचा नाही, सुटे भाग आणून घरी जुळवायचा, हे मी १९९८ सालीच ठरवलं होतं. अंमलबजावणीला २४ वर्षं लागली. मध्ये नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते आणि चिरंजीव अशी किरकोळ कामं निघाली.

१९९८ ला कारण होता हॉस्टेलवरचा माझा रूम पार्टनर. त्याने सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आणला होता. मोठा भाऊ पेंटियम, त्याच्या घरातला हा गरीब नातेवाईक. एका रात्री पार्टनरने मशीनच्या पोटात शिरून बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या हमरस्त्याचा, वेग ६६ चा १०० मेगाहर्ट्झ केला. या वेगाला ठरलेल्या गुणकाने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो. गुणक साडेचारचा, तो बदलता येत नव्हताच. ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायला लागला. दीडपट, आणि एक पैसा न देता! आख्खी विंग बघायला आली. मेसचे महाराजसुद्धा हात पुसत येऊन गेले आणि 'छान आहे' म्हणाले. बघण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं, स्क्रीनवर फक्त ४५० हा आकडा होता. पण तो आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. कुणाला एकदा नर्मदा परिक्रमा करायची असते, मला एकदा ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरला नेमून दिलेल्यापेक्षा जास्त पळवणं, करायचं होतं.

२०२२ मध्ये चिरंजीव नववीत गेला आणि त्याला 'अभ्यासासाठी' कॉम्प्युटर हवा झाला. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे मेंटेनन्सच्या एक्सेल शीटचीही पुस्ती जोडली.

"जुन्या लॅपटॉपवर चालतंय की ते शीट," अनघा म्हणाली.

"चालतंय. धावत नाही."

"ते धावून कुठे जाणार आहे? सोळा जणांची थकबाकी आहे, ती धावत येईल का?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही आणि शनिवारी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर ग्रँट रोड स्टेशनाबाहेर लोक तुम्हाला दवाखाना दाखवतील. दुकानदार कॅल्क्युलेटर आपल्याकडे वळवून आकडा दाखवतात, तोंडाने भाव बोलत नाहीत. १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, हे विचारेपर्यंत कॅल्क्युलेटर परत फिरलेला असतो. "आज का भाव आज का है साहब," हे वाक्य मी चार दुकानांत ऐकलं आणि चौथ्यात घाबरून सगळं घेऊन टाकलं. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट, शिवाय प्रोसेसर थंड ठेवायला एक टॉवर कूलर. प्रोसेसरबरोबर खोक्यात एक पंखा फुकट येतो, पण ओव्हरक्लॉकिंग करणारा माणूस फुकटचा पंखा लावत नाही, असं माझं मत होतं. पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड तेवढं सेकंडहँड मिळालं. तीन पंख्यांचं, लांबीला आमच्या पोळपाटापेक्षा जास्त आणि वजनाला पाट्याच्या जवळपास.

कॅबिनेटचं खोकं घेऊन साध्या डब्यात शिरायची छाती नव्हती, म्हणून दादरहून लगेजच्या डब्यात चढलो. तिथे फुलबाजारातून निघालेल्या एक मावशी झेंडूच्या दोन पाट्या घेऊन बसल्या होत्या. दसरा चार दिवसांवर होता.

"काय हाये रं खोक्यात?"

"कॉम्प्युटरचं कॅबिनेट, मावशी."

"म्हंजे?"

"म्हणजे... डबा. कॉम्प्युटर ठेवायचा."

"रिकामा?"

"हो."

"मंग पाटी ठिवते वर," म्हणत त्यांनी ठेवलीसुद्धा. ठाणे येईपर्यंत टेम्पर्ड ग्लासवर झेंडू विराजमान होता. काच फुटली नाही. त्या कॅबिनेटची याहून कडक चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली असेल असं मला वाटत नाही.

खंडेनवमीला सुट्टी टाकून मी दिवाणखान्यातल्या टीपॉयवर मांडामांड केली. सिंथेटिक कपडे घालू नयेत, अंगातल्या स्थिर विजेने चिप मरते, असं वाचलं होतं. म्हणून सुती बनियन आणि सुती पायजमा असा सोवळ्यात बसलो होतो. दर पाच मिनिटांनी खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवत होतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू त्यामुळे जरा वेळ काळजीत होत्या.

प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढी चकती. तिच्या पोटाला १३३१ पिना, सोन्याचा मुलामा दिलेल्या, अगदी बारीक. त्यातली एक जरी वाकली तरी मामला खलास. एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही. ती आपल्या वजनाने खाली बसते. बसली. त्या क्षणी मी श्वास सोडला आणि लक्षात आलं की चिरंजीव आणि आप्पा या दोघांनीही धरला होता.

मग थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये ही पेस्ट लावतात, कारण धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात खाचा असतात, खाचांत हवा राहते आणि हवेतून उष्णता फारशी पुढे सरकत नाही. किती लावायची? सगळे व्हिडिओ एकमुखाने सांगतात, वाटाण्याएवढी. आता ज्या देशात हे ठरलं तिथे वाटाणा एकाच प्रकारचा असेल. आमच्या घरात हिरवा ओला असतो, उसळीचा सुका पांढरा असतो आणि रात्रभर भिजवलेला असतो.

"कुठला वाटाणा धरू?" मी स्वयंपाकघरात विचारलं.

"कशाला हवाय?"

"मापाला."

अनघाने काही न बोलता सुक्या वाटाण्याचा डबा पुढे केला. लग्नाला अठरा वर्षं झाली की अशी समज येते. मी एक दाणा प्रोसेसरशेजारी ठेवला, त्याच्याकडे बघत पेस्ट पिळली आणि ती बहुधा भिजवलेल्या वाटाण्याएवढी आली.

पुढच्या बटणाच्या वायरी हा मात्र खरा छळ. पॉवरचं बटण, रिसेट, दोन दिवे, प्रत्येकाचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं. ती मदरबोर्डच्या अगदी खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसवायची, जिथे बोट पोचत नाही, उजेड पोचत नाही आणि छापलेली अक्षरं वाचायला माझा चष्माही पोचत नाही. हे काम शेवटी अनघाच्या भुवयांच्या प्लकरने झालं. ज्या उद्योगाने प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर बसवले, त्याला या चार वायरींचा एक ठोकळा करून द्यायला इतकी वर्षं का जमू नये, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

संध्याकाळी सगळं बसलं. टीपॉयवर एक स्क्रू उरला.

"उरतोच," आप्पा म्हणाले. "चेतकचं इंजिन उतरवलं होतं मी, तेव्हा दोन नट उरले होते. त्यानंतर पंधरा वर्षं चालली स्कूटर."

आप्पांनी आयुष्यभर स्कूटर स्वतः दुरुस्त केली. कार्ब्युरेटर साफ करणं, प्लगला पॉलिश पेपर मारणं आणि तरीही चालू झाली नाही तर एका बाजूला चांगली वाकडी करून मग किक मारणं, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी तो स्क्रू उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला.

चालू करण्याआधी आईने पूजा केली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि आमच्या घरात त्या दिवशी दुसरं हत्यार उघडं नव्हतं. ओलं कुंकू मदरबोर्डपर्यंत पोचायच्या आत मी कॅबिनेटची काच पुढे केली, त्यामुळे स्वस्तिक काचेवर उमटलं. अक्षता मात्र वरच्या जाळीतून थेट आत गेल्या. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. वीस मिनिटं मी रॅम काढून घातली, काढून घातली. मग चिरंजीव म्हणाला, "बाबा, मॉनिटरची वायर तुम्ही बोर्डाला लावलीये. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. कार्डाला लावा." लावली. चित्र आलं. आईने 'अक्षतांमुळे' अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. कुठूनशी एक बारीक टिकटिक येत होती, ती चौथ्या दिवशी पंख्यातून तांदळाचा दाणा निघाल्यावर थांबली.

आता माझ्या परिक्रमेला सुरुवात झाली.

इथे एक कटू सत्य सांगायला हवं. १९९८ मध्ये कंपन्या हातचं राखून माल विकायच्या. चिप ४५० ला पळेल, पण खोक्यावर ३०० लिहायचं. आता तसं नाही. प्रोसेसरच्या पोटात काम करणारे सुटे गाभे असतात, त्यांना कोअर म्हणतात. माझा ५६००एक्स गरज पडली तर एका कोअरवर आपणहून ४.६ गिगाहर्ट्झला जातो आणि काम झालं की खाली येतो. म्हणजे लोणी कंपनीने आधीच काढून डब्यात भरून दिलेलं, माझ्या वाट्याला ताक घुसळणं. नाही म्हणायला सेटिंगमधलं एक्सएमपी नावाचं, रॅमला तिचा खरा वेग देणारं बटण तेवढं उपयोगी निघालं. पैसे ३६०० च्या रॅमचे मोजलेले, आणि ते बटण दाबेपर्यंत ती बिचारी २१३३ वर चालत होती.

मी सहाही कोअरना एकदम ४.७ दिलं. व्होल्टेज १.२ चं १.३ केलं. ऐकायला दशांश वाटतो, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे तेवढ्यानेच १७ टक्के जास्त, वर वेगाची भर वेगळी. त्यात डोंबिवलीची ऑक्टोबर हीट. कॅबिनेटच्या मागून अशी झळ यायची की आईने तिथे कुरडया ठेवू का विचारलं. ओव्हरक्लॉक टिकतो की नाही हे तपासायला प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम रात्रभर लावतात. मुळात तो मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला, पण प्रोसेसरचा घाम काढण्यात इतका वाकबगार की लोक त्याच कामाला वापरतात.

"रात्रभर काय करणारे हे?" अनघाने लाइट बंद करताना विचारलं.

"मूळ संख्या शोधणार."

"हरवल्यात?"

पहाटे तीनला उठून पाहिलं तर निळा पडदा आणि त्यावर रडका चेहरा, म्हणजे कॉम्प्युटर कोसळलेला. मग व्होल्टेज १.३२, मग १.३५, तापमान ९० अंशांच्या पुढे. ९५ ही त्या प्रोसेसरची हद्द. तीन रात्री मी डेंग्यूच्या पेशंटशेजारी बसावं तसा बसलो होतो, दर अर्ध्या तासाने आकडा बघत. अखेर ४.६ वर गाडी स्थिर झाली. चिरंजीवाच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ आधी १२ मिनिटं ४० सेकंदांत दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून व्हायचा, तो आता १२ मिनिटं ५ सेकंदांत झाला. ३५ सेकंद! विंग बघायला आली नाही. मेंटेनन्सचं शीट पूर्वीइतक्याच वेळात उघडत होतं आणि थकबाकी तेवढीच होती.

दिवाळीनंतर नवीनच दुखणं सुरू झालं. मध्येच पडदा काळा. कधी दोन दिवस काही नाही, कधी सकाळी चालूच व्हायचं नाही. मला खात्री होती की हे माझ्या लोभाचं फळ. ४.६ चं ४.५ केलं. ४.४ केलं. शेवटी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल काढून सगळं फॅक्टरीचं मूळ सेटिंग आणलं, म्हणजे २४ वर्षांची तपश्चर्या दोन मिनिटांत पाण्यात. तरी पडदा काळाच.

रविवारी मी कॅबिनेटसमोर मांडी घालून बसलो होतो. आप्पा चहाचा कप घेऊन आले, थोडा वेळ बघत राहिले.

"वाकडा करून बघ जरा."

"आप्पा, ही चेतक नाहीये."

"नसू दे. बघ तरी."

वाद घालण्यापेक्षा बरं म्हणून मी कॅबिनेट आडवं केलं, काच वर. बटण दाबलं. चित्र आलं. उभं केलं, गेलं. पुन्हा आडवं, पुन्हा आलं. आप्पांनी चहाचा घोट घेतला. काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

टॉर्च घेऊन आत पाहिलं. उभ्या कॅबिनेटमध्ये ते पाट्याएवढं ग्राफिक्स कार्ड बोर्डातून आडवं बाहेर येऊन लोंबकळत असतं. त्याला मागच्या पट्टीवर दोन स्क्रूंनी आवळायचं असतं. एक होता. दुसऱ्याचं भोक रिकामं. कार्ड महिनाभर हळूहळू एका बाजूने खाली झुकत खाचेतून निसटलं होतं, आणि मी मात्र प्रोसेसरचे मेगाहर्ट्झ कापत बसलो होतो.

"आप्पा, तो खंडेनवमीचा स्क्रू कुठे ठेवलात?"

"देव्हाऱ्याच्या दाराची कडी हलत होती ना, तिला मारला. घट्ट बसलाय एकदम."

मी देव्हाऱ्यापर्यंत गेलो, स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच. आई आत निरांजन लावत होती. परत आलो. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर आडवाच असतो, टीव्हीच्या बाजूला, आणि दुपारी आप्पा त्यावर पेपर पसरून शब्दकोडं सोडवतात. काच उबदार लागते म्हणतात.