"इंग्रजी सुधार" म्हणायचं, आणि कुठे बघायचं ते सांगायचं नाही

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

इथे बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारातल्या इमारतीत समोरच्या घरातली मुलगी संध्याकाळी रडवेली होऊन आली. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मेकॅनिकल डिप्लोमा, शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी, शॉपफ्लोअरवर हिंदी. मायक्रोमीटर हातात घेतला की तिच्या रीडिंगवर कोणी बोट ठेवू शकत नाही. तर जर्मनीच्या सप्लायरला तिने पाठवलेल्या मेलची प्रिंट साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवली, लाल पेनाने दोन गोल केले आणि म्हणाले, "इंग्रजी सुधार." बस, एवढंच.

ती प्रिंट आत्ता माझ्यापुढे आहे. मेल असा: "वी हॅव रिसीव्ड द लॉट यस्टरडे अँड इट इज हॅविंग डिफेक्ट. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट." गोल कशावर? "हॅव रिसीव्ड" आणि "इज हॅविंग" वर. आणि सप्लायरचं उत्तर काय आलं? तीन प्रश्न. कुठला लॉट, किती नग, आणि आम्ही नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? व्याकरण अगदी शुद्ध असतं तरी हेच तीन प्रश्न आले असते. साहेबांना गोल दिसले, प्रश्न दिसले नाहीत. याचाच राग येतो.

कामाचं इंग्रजी "भरपूर वाच" आणि "इंग्रजी पिक्चर बघ" यानं सुधारत नाही. टेबलावर योग्य संदर्भ असावेत आणि लिहिताना अडलं की त्यात बघायची सवय असावी, त्यानं सुधारतं. कुठल्या शंकेसाठी कुठे बघायचं हे माहीत असणं हीच अर्धी विद्या. ती वरिष्ठांनी द्यायची असते.

पहिली गोष्ट शब्दकोश. इंग्रजी-मराठी किंवा इंग्रजी-गुजराती कोश वाचताना ठीक आहे, लिहिताना तो निम्माच उपयोगाचा, कारण अर्थ सांगतो पण शब्द वाक्यात कसा बसतो ते सांगत नाही. लिहिणाऱ्याला लर्नर्स डिक्शनरी लागते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिघांच्याही इंटरनेटवर फुकट आहेत. ऑक्सफर्डची ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता तयार केली, पहिल्यांदा १९४२ साली तिथेच निघाली. म्हणजे ती मुळात आपल्यासारख्या परभाषिकांसाठीच केलेली आहे. त्यात नामापुढे बारीक अक्षरात "सी" किंवा "यू" असतं. यू म्हणजे मोजता न येणारं: इन्फर्मेशन, इक्विपमेंट, मशिनरी, ॲडव्हाइस, फीडबॅक. यांना मागे "ॲन" लागत नाही, पुढे "एस" लागत नाही. "टू इक्विपमेंट्स आर डाऊन" हे आपल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, रोज लिहिलं जातं. "टू मशीन्स आर डाऊन" लिहा, संपलं.

क्रियापदाखाली त्याची चौकट दिलेली असते, ती वाचायची. डिस्कस समथिंग, मध्ये "अबाउट" नाही. एक्स्प्लेन समथिंग टू समबडी, "एक्स्प्लेन मी" नाही. कम्प्लाय विथ, पण कन्फॉर्म टू. रीझन फॉर, पण कॉज ऑफ. डॅमेज टू द केसिंग, "डॅमेज ऑफ" नाही. ही अव्ययं तर्कानं येत नाहीत, आणि "हुशारी"चा इथे काही संबंध नाही. बघायची, लिहायची, पुन्हा विसरली तर पुन्हा बघायची.

आता त्या दोन लाल गोलांपैकी पहिल्याबद्दल. आपण म्हणतो "काल माल मिळालाय". मराठीत चालतं, गुजरातीतही असंच काहीसं चालतं, म्हणून हात आपोआप "हॅव रिसीव्ड यस्टरडे" लिहितो. नियम एका ओळीचा आहे: वाक्यात काल, सोमवारी, ३ जूनला असा उलटून गेलेला नेमका वेळ आला की "हॅव" जातो, नुसतं "रिसीव्ड". वेळ नसेल तर "वी हॅव रिसीव्ड द लॉट" बरोबर. आणि "पासून" लिहायचं असेल तेव्हा थांबायचं: सुरुवातीचा क्षण असेल तर "सिन्स मंडे", कालावधी असेल तर "फॉर टू वीक्स". "सिन्स टू वीक्स" नाही. मीटिंगमध्ये हे सांगायला साहेबांना एक मिनिट लागलं असतं. एक मिनिट!

असो. पुढे.

"डिफेक्ट" वर गोल नव्हता, आणि खरी जोखीम तिथेच होती. हे मी तिला सांगितलं तर ती चकित झाली. आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकात नॉनकन्फॉर्मिटी म्हणजे ठरलेली अट पूर्ण न होणं, आणि डिफेक्ट म्हणजे वापराशी जोडलेली नॉनकन्फॉर्मिटी. या दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे, कारण डिफेक्टला कायदेशीर अर्थ चिकटलेला आहे, अशी टीपही तिथे आहे. तसंच करेक्शन म्हणजे सापडलेली चूक दूर करणं, आणि करेक्टिव्ह ॲक्शन म्हणजे तिचं कारण दूर करणं, म्हणजे ती पुन्हा होऊ नये. तिच्या लॉटमध्ये बारा रिंगा मापापेक्षा मोठ्या निघाल्या, त्या बदलून देणं हे करेक्शन. समजा मशीनचा टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेची सेटिंग, चुकला असेल, तर तो का चुकला हे शोधून बंदोबस्त करणं ही करेक्टिव्ह ॲक्शन. कित्येक रिपोर्टांत पहिलं करून दुसऱ्याचा रकाना भरलेला असतो, आणि ऑडिटर नेमकं तिथेच पकडतो. या व्याख्या आयएसओच्या ऑनलाइन ब्राउझिंग प्लॅटफॉर्मवर फुकट वाचता येतात. अख्खं मानक विकत घ्यावं लागतं, व्याख्या नाही. कारखान्यात काम करणाऱ्यासाठी हा कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा मोठा संदर्भ आहे.

तिथलीच आणखी एक गोष्ट: शॅल म्हणजे सक्तीची अट, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये "द ऑपरेटर शुड चेक द प्रेशर" लिहिलं तर तपासणं ऐच्छिक झालं. सभ्य वाटतं म्हणून शुड लिहितात. सभ्यता पत्रात ठेवा, प्रोसीजरमध्ये नको.

आणि कृपा करून समानार्थी शब्दांच्या मागे लागू नका. शाळेत शिकवलं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. निबंधात ठीक. तांत्रिक लेखनात पहिल्या ओळीत "रिंग", तिसरीत "कंपोनंट", पाचवीत "पीस" लिहिलं की वाचणारा तीन वस्तू शोधायला लागतो. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचं मानक आहे, एएसडी-एसटीई१००. त्याचा गाभाच हा की एका शब्दाला एक अर्थ. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहिती देणारं २५ चं. मागणी नोंदवली की ते फुकट मिळतं. आपण विमानं बनवत नसू, पण ती २० शब्दांची मर्यादा उद्यापासून पाळून बघा.

कुठला शब्द कुणाबरोबर जातो ही शंका आली तर स्केल नावाचं संकेतस्थळ आहे, स्केच इंजिनवाल्यांचं, शिकणाऱ्यांसाठी. नोंदणी लागत नाही. "इन्स्पेक्शन" टाका, कॅरी आउट की कंडक्ट की परफॉर्म, खऱ्या वाक्यांसकट समोर येतं. गुगलवर अख्खी शब्दरचना अवतरणचिन्हात टाकून शोधणं हाही चांगला उपाय, पण वर दिसणाऱ्या निकालांच्या आकड्यावर जाऊ नका, तो अंदाजी असतो. पुढे "साइट:" आणि "गव्ह डॉट यूके" लावा, म्हणजे ब्रिटिश सरकारी पानंच येतील, आणि मग दोनचार वाक्यं प्रत्यक्ष वाचा. युनिव्हर्सिटीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी मँचेस्टर विद्यापीठाची ॲकॅडेमिक फ्रेजबँक उघडावी. तुमचं अर्धं दुखणं तिथेच थांबेल.

आर्टिकलचा, म्हणजे अ, ॲन, द यांचा छळ मला मान्य आहे. आपल्या भाषेत ती भानगडच नाही. पण निदान अ आणि ॲनचा नियम सोपा आहे, तो उच्चारावर चालतो, अक्षरावर नाही. एमटीसीचा (मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट) उच्चार "ए"ने सुरू होतो म्हणून "ॲन एमटीसी", तसंच "ॲन एनडीटी रिपोर्ट" (माल न तोडता केलेली तपासणी). यूटीचा (अल्ट्रासॉनिक टेस्टिंग) "यू"ने होतो म्हणून "अ यूटी रिपोर्ट". आणि परदेशी मेलमध्ये १,५०,००० असा स्वल्पविराम देऊ नका, लाख लिहू नका. १५०,००० लिहा. तारीख ०५/०६ अशी कधीच नको. अमेरिकेत ती ६ मे होते आणि युरोपात ५ जून. महिना अक्षरात लिहा. एवढ्यावरून शिपमेंट चुकतात, आणि मग दोष "इंग्रजी"ला.

हो, आता कोणीतरी म्हणणारच, एआयला सांगितलं की झालं, एवढा खटाटोप कशाला. आर्टिकलं आणि काळ ते बरे सुधारतं, नाकारत नाही. पण "मे हॅव बीन कॉज्ड बाय" चं ते बिनधास्त "वॉज कॉज्ड बाय" करून टाकतं, आणि तुम्ही शंका म्हणून लिहिलेलं कबुली होऊन बसतं. "नॉनकन्फॉर्मिटी" चं "इश्यू" करतं, कारण ते गोड वाचतं. आणि ग्राहकाचं ड्रॉइंग, किंमत, नाव तिथे चिकटवण्याचा अधिकार तुम्हाला कंपनीने दिलाय का हे आधी विचारा. लॉट कुठला, किती नग, काय हवंय, हे त्याला कुठून कळणार?

मला याहून जास्त वाईट वाटतं ते हे की हे बडोद्यात होतंय. ज्या गावाचे महाराज सयाजीराव कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून १८७५ साली दत्तक आले, तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती, आणि त्यांचे शिक्षक इलियट साहेब यांच्याकडे इंग्रजी शिकून पुढे जगभर बोलले. त्यांची महत्त्वाची इंग्रजी पत्रं आणि भाषणांचे मसुदे करायला अरविंद घोष होते, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. महाराजांना दुसऱ्याच्या हातून मसुदा करून घ्यायला कमीपणा वाटला नाही. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना बोलावून वाचनालयांचं जाळं उभारलं, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. कारभाराच्या शब्दांसाठी आठ भाषांचा श्री सयाजी शासन कल्पतरू काढला, १९३१ मध्ये. म्हणजे कारकुनाला "भाषा सुधार" म्हणण्याआधी त्याच्या हातात कोश दिला! आणि आज आपल्या कारखान्यांत प्रिंटर आहेत, टीव्ही स्क्रीन आहेत, आणि क्वालिटीच्या टेबलावर एक शब्दकोश नाही.

साहेबांनाही वरून बोलणी बसतात, ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर नाही, हो.

तिला मी जे करायला सांगितलंय ते तुमच्या पोरांनाही सांगा. इनबॉक्समध्ये ज्यांचं लिहिणं वाचताच कळतं अशा तीनचार लोकांचे मेल शोधायचे आणि पूर्ण वाक्यं एका फाइलमध्ये कामानुसार ठेवायची: उशीर कळवणं, आठवण करणं, नकार देणं, बदली माल मागणं. सुटे शब्द नकोत, पूर्ण वाक्यं, कारण अव्ययं वाक्यातच राहतात. "प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ" छापाची साहेबी थाटाची वाक्यं त्यात येऊ द्यायची नाहीत. मेल लिहिताना काय हवं ते आधी एका ओळीत मराठीत लिहायचं, आकडे आणि तारखेसकट. ते जमलं नाही तर इंग्रजीतही जमणार नाही. मग लिहायचं. मग एकदा फक्त आकडे तपासायचे, ड्रॉइंग शेजारी ठेवून. मग एकदा मोठ्याने वाचायचं.

जेवण झाल्यावर तिनेच बसून तो मेल पुन्हा लिहिला. मी फक्त कोश उघडून दिला. विषयाची ओळ: "लॉट १४: १२ सीट रिंग्ज ओव्हरसाइज, रिप्लेसमेंट नीडेड बाय २० जून." आत: "वी रिसीव्ड लॉट १४ ऑन ३ जून. ट्वेल्व्ह ऑफ द २०० सीट रिंग्ज डू नॉट कन्फॉर्म टू द ड्रॉइंग. देअर आउटर डायमीटर इज ६०.१० टू ६०.१४ मिलिमीटर, द मॅक्सिमम अलाउड इज ६०.०५. प्लीज सेंड ट्वेल्व्ह रिप्लेसमेंट रिंग्ज बाय २० जून अँड टेल अस द कॉज." एकही अवघड शब्द नाही. "कन्फॉर्म टू" तिने स्वतः बघितलं, "विथ" लिहिलं होतं ते खोडून.

मंडळी, तुमच्यापैकी निम्मे तरी आता डिपार्टमेंट सांभाळता. उद्या टीमला हे पत्ते एका कागदावर छापून द्या आणि तो मॉनिटरच्या बाजूला चिकटवायला सांगा. चूक दाखवायची तर खुर्ची ओढून शेजारी बसून दाखवा. आणि कोणाच्या घरी लर्नर्स डिक्शनरीची जुनी आवृत्ती पडून असेल, सातवी, आठवी, कुठलीही चालेल, तर रद्दीत टाकू नका, मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन. तिच्या डिपार्टमेंटमध्ये ती धरून पाच जण आहेत, आणि पाचही जण रोज परदेशी मेल लिहितात.