जुन्या गाडीला टेंपरेचर मीटर बसवताय? बसवा की!

गाडी पंचवीस वर्षांची झाली, चोर्ला घाट चढताना आत कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास यायला लागला, की काही लोक लगेच रेडिएटर उघडून बघतात. त्यांचं ऐकू नका पात्रांव. रेडिएटर साफ करायला मेस्त (मेकॅनिक) गाडी ठेवून घेतो आणि एवढं करून दिसायला नवीन काय, तर काहीच नाही. त्यापेक्षा मीटर बसवा, डॅशबोर्डवर चमकतो, रात्री निळा लाइट लागतो आणि शेजारी विचारतो हे काय बसवलंस रे.

घेताना फक्त डायल काळी आणि काटा लाल आहे ना एवढंच बघा. इंजिन तापेल तसा सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होत जातो आणि किती ओहमला किती डिग्री हे प्रत्येक मीटरचं वेगळं असतं, म्हणून सोबतचाच सेन्सर लावा असं काही शहाणे सांगतात. गाडीत जुना सेन्सर आहे की, त्यालाच जोडा. 60 दाखवलं तर खूश व्हा, 120 दाखवलं तर मीटर चायनाचा म्हणा.

हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) गरम पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटजवळ (पाणी ठरावीक तापल्यावर रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेजवळ) सेन्सर बसवला तर खरं टेंपरेचर कळतं, म्हणून तिथे नकोच. रेडिएटरचा वरचा होज पाइप मधून कापा, सेन्सर बसवायचा ॲडाप्टर घाला, दोन क्लिपा आवळा, झालं काम. आता ॲडाप्टर दोन्ही बाजूंनी रबरात आणि एका वायरच्या सेन्सरला अर्थ (अर्थिंग) मिळतो तो इंजिनातून, म्हणजे इथे मिळणारच नाही, काटा खाली झोपून राहणार आणि तुम्हाला वाटणार गाडी कसली थंड चालते! अर्थची वेगळी वायर इंजिनाच्या ब्लॉकला जोडायची असते, जोडायचीच असेल तर गंजलेल्या बोल्टला जोडा, आपल्याकडे खारा वारा आणि पाऊस असल्यावर तो शोधावा लागत नाही. ज्यांनी हट्टाने सेन्सर इंजिनातच बसवला त्यांनी निराश होऊ नये, आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळा, अर्थ तिथेही तुटू शकतो.

वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत घेताना रबरी ग्रोमेट घालू नका. पत्र्याची धार वायरचं आवरण हळूहळू कापते, मग सेन्सरची वायर बॉडीला टेकली की काटा एकदम लाल्यात, फोंड्याच्या ट्रॅफिकमध्ये बायको ओरडते गाडी बाजूला घ्या, तुम्ही बॉनेट उघडता तर सगळं ठीक. असं दोन-तीनदा झालं की पुढे काटा खरंच लाल्यात गेला तरी घरात कोणी मान वर करत नाही, हा केवढा फायदा. सप्लाय इग्निशनवरून न घेता थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज टाळा.

मेस्त म्हणेल थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही. लगेच हो म्हणा! 82 ला उघडणारा थर्मोस्टॅट असला की काटा एका जागी राहतो, एवढे पैसे घालून तो बघायचा कशाला. काढला की साखळी गावापर्यंत 60, घाटाच्या पायथ्याची केरी सोडली की वर वर वर, मीटर कसा जिवंत वाटतो. पेट्रोल जास्त जाईल, जाऊ दे.

रेडिएटरचं झाकण तर विसराच. चांगलं 0.9 बारचं झाकण प्रेशर धरतं म्हणून साधं पाणीसुद्धा 118 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, स्प्रिंग मेलेलं झाकण शंभरालाच वाफ सोडतं. तुमचा मीटर तेव्हा 100 दाखवतो आणि तुम्ही म्हणता लाल अजून लांब आहे. कमी झालेलं पाणी विहिरीतून भरा, कुलंट कशाला, विहीर घरचीच.

आणि मीटरची खरी मेहेरबानी पुढेच आहे. होज फुटून पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो, त्याला टेकायला गरम पाणीच उरत नाही, मग काटा खाली येतो. घाटातल्या वळणावर 110 वरून 70 ला आलेला काटा बघून बाजूच्याला सांगा, बघ, झाली थंड, आणि सेकंड गिअरवर आणखी दाबा.

वर पोचल्यावर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला की समजा हेडचं गॅसकीट (जोडातलं सील) गेलं, हेड वाकलं असेल तर फेसिंगला (घासून सपाट करायला) जाईल, आणि चतुर्थी तोंडावर असली तर मेस्त फोनसुद्धा उचलणार नाही. मीटर मात्र शाबूत. गाडी विकायला काढलीत तर जाहिरातीत पहिल्याच ओळीत टाका, नवीन टेंपरेचर मीटर बसवलेला आहे, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करू नका, बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे.