नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर: बंद इंजिन, स्टिअरिंग आणि काढून टाकलेली ब्रेकची पट्टी

नाना, तुमचं म्हणणं असं की पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद पडलं तरी चाकं हाताच्या जोरावर वळतात, तुम्ही पिंपळगावकडे बागेत 22 वर्षं तोच ट्रॅक्टर हाकताय आणि मी उगाच लोकांना भ्या घालतोय. वर ‘अमेरिकेच्या जंगलात लाकडं ओढायचं मशीन आमच्या द्राक्षात कशाला घुसवलं?’ असा टोलाही हाणलात.

वळण्याचं तुमचं बरोबर. ‘इंजिन बंद की स्टिअरिंग खलास’ हे मी जुन्या स्किडरबद्दल, म्हणजे त्या लाकडं ओढायच्या मशीनबद्दल, लिहिलं होतं आणि त्याच ओघात ट्रॅक्टरलाही चिकटवलं. स्किडर मधल्या सांध्यात वाकून वळतो. दोन सिलिंडर ते अख्खं धूड वाकवतात, तिथे पंप थांबल्यावर माणसाच्या दंडाचं काय चालणार? ट्रॅक्टरचा पुढचा भाग त्या मानानं हलका. शिवाय ऑर्बिट्रोलच्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या तेल वाटणाऱ्या युनिटच्या आत चांदणीच्या आकाराचा एक रोटर असतो, इंजिन बंद असताना स्टिअरिंग फिरवलं की तोच हातपंपासारखं तेल सिलिंडरकडे ढकलतो. घाम फुटतो, पण वळतं.

मात्र तो रोटर आणि त्याच्या बाहेरची कडी घासलेली नसेल तरच. इंजिन चालू असताना पंप भरपूर तेल देतो, त्यामुळे आतली गळती जाणवतच नाही. मागच्या छाटणीच्या वेळी दिंडोरी रस्त्याला उतारावर माझंच डिझेल संपलं. स्टिअरिंग दीड फेरा फिरवलं तरी चाकं जागची हलेनात. नशीब, कडेला बाभळीचं झुडूप होतं, त्यात जाऊन थांबलो. गॅरेजात स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं तर तेल ताकासारखं पांढरं. पाणी गेलं होतं, आणि तसल्या तेलावर मी किती दिवस चालवलं देव जाणे. ऑर्बिट्रोल खोलल्यावर चांदणीच्या टोकांवर नखाला लागतील असे ओरखडे निघाले. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत स्टिअरिंग लोण्यासारखं चालत होतं, हे विशेष.

म्हणून तुम्हीही एकदा बघा. सपाट मोकळ्या जागेत, इंजिन मंद ठेवून स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत न्या आणि तसंच थोडा वेळ दाबून धरा. हाताखाली ते भराभर सरकत राहिलं तर तेल आतल्या आत पळतंय. सिलिंडरचं सील गेलं असलं तरी असंच होतं, त्यामुळे लगेच ऑर्बिट्रोल बदलायला धावू नका. स्टिअरिंगची मूठ रोज वेगळ्या जागी येते, ही जी तक्रार तुम्ही शेवटी केलीत ती मात्र सोडून द्या. स्टिअरिंग आणि चाकांमध्ये दांडाच नाही, फक्त तेल आहे. थोडं सरकणारच.

आता स्किडर का आणला ते. काही जुन्या स्किडरना चाकाचाकाला ब्रेक नसतो, चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टवर एकच डिस्क असते. शाफ्ट किंवा त्याचा सांधा तुटला की तुटल्याच्या पलीकडची चाकं मोकळी. आपल्या फोर व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही बहुतेक वेळा ब्रेक मिळतो तो शाफ्टमार्फतच. फोर व्हीलचा लिव्हर काढला की सगळा भार मागच्या दोन ब्रेकवर.

आणि त्या दोन ब्रेकची पेडलं जोडणारी पट्टी तुम्ही ‘बागेत अडचण होते म्हणून काढूनच टाकली’ म्हणता! खरं सांगू, तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत मला हेच वाक्य टोचलं. ओळीच्या टोकाला वळताना एकच पेडल दाबावं लागतं, कबूल. पण प्रत्येकाची एक सवयीची बाजू असते, तिकडचं लायनिंग आधी झिजतं. मग कांद्याची ट्रॉली घेऊन चांदवडकडून राहूड घाट उतरताना घाईत पाय एकाच पेडलवर पडला तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो आणि मागून ट्रॉली ढकलते. किती जणांच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असतो, ते बाजार समितीच्या रांगेत उभं राहून मोजा. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायची आपली खोड.

पट्टी भंगारात गेली असेल तर वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. ती लावण्याआधी दोन्ही पेडलचा खेळ, म्हणजे ब्रेक लागेपर्यंतची मोकळी हालचाल, सारखा करायला सांगा, नाहीतर पट्टी असूनही ट्रॅक्टर एकीकडे ओढेल. बागेत काढा, डांबरीवर चढण्याआधी लावा.